ल्युनातला पियानो कुणी धरला होता

आर्कान्सातल्या कोल्टर्स फेरी नावाच्या गावी ल्युना थिएटरात खाली खुर्च्या होत्या तीनशे वीस, आणि वर बाल्कनीत दाटीवाटीनं आणखी ऐंशी माणसं बसत. पण एकोणीसशे सत्तावन्नच्या जूनमध्ये रॉक अँड रोल गाणाऱ्या ड्यूई रेबर्नचा कार्यक्रम तिथं झाला, तेव्हा आपण हजर होतो असं सांगणाऱ्यांची शिरगणती केली, तर आकडा दोन हजारांच्या खाली आला नसता. गावाची वस्तीच मुळी अठराशे. व्हर्लिन स्ट्राउड हे सगळं एकेचाळीस वर्षं ऐकत आला होता. न्हाव्याच्या दुकानात, पोस्टाच्या रांगेत, कुणाच्या दफनाहून परतताना, कुठंही दोन पिकल्या केसांची माणसं भेटली की बोलणं फिरून फिरून त्या संध्याकाळवर यायचं. ड्यूईचा कोट लाल होता की पांढरा. त्यानं पियानोवर पाय ठेवला की कोपर आपटलं. तिसऱ्या गाण्याला कुणाची बहीण चक्कर येऊन पडली. व्हर्लिन ऐकायचा, मान हलवायचा आणि गप्प बसायचा.

गप्प बसणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पियानो सुरात लावणं हा त्याचा धंदा, आणि त्या धंद्यात बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचं चालतं. नदीच्या दोन्ही काठांवरची नऊ चर्चं, दोन शाळा आणि पियानो बाळगून असलेली तीसएक घरं त्याच्याकडे होती. त्याच्याबद्दल गावाची एक पक्की समजूत होती, ती म्हणजे रॉक अँड रोलचं नाव काढलं की व्हर्लिनचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. तरुणपणी तो उघड म्हणत असे की पियानो म्हणजे काही खळ्यातलं धान्य नव्हे, काठीनं बडवून काढायला.

अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात वाचनालयातल्या नोरा बेथ पिकन्स या हौशी बाईंनी ठरवलं, की ही सगळी म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्या आठवणी टेपवर घ्यायच्या. ल्युनाची डागडुजी नुकतीच झाली होती. शनिवारी दुपारी दोन वाजता तिथंच जमायचं, ज्याला जे आठवतं ते त्यानं रंगमंचावर येऊन सांगायचं, आणि मग चहा-फराळ, असा बेत होता. व्हर्लिननं गुडघ्याचं कारण पुढं केलं. त्याची बायको इमोजीन पीचचं पुडिंग ओव्हनमधून काढत होती. ती मागं वळूनही न बघता म्हणाली, "गुडघा घरी ठेव, तू चल."

आता इमोजीनला तिथं जायची एवढी ओढ का, हे व्हर्लिनला पक्कं ठाऊक होतं. पण आपल्याला ते ठाऊक आहे हे इमोजीनला ठाऊक नव्हतं. आणि हे जे काही होतं, ते एकेचाळीस वर्षं त्या घरात मुकाट राहत होतं.

झालं होतं ते असं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी थिएटरचा मालक, म्हातारा प्रुइट, व्हर्लिनकडे आला. ड्यूई रेबर्नच्या करारात लिहिलं होतं की पियानो सुरात हवा, नाहीतर तो गाणार नाही. व्हर्लिन तेव्हा एकोणतीस वर्षांचा, लाल केसांचा, काटकुळा. त्याच वसंतात मेथडिस्ट चर्चच्या पाद्रीबुवांनी या संगीतावर सलग तीन रविवार प्रवचन झोडलं होतं, आणि शेजारच्या गावात एक ऑर्गनवाला नाचाच्या कार्यक्रमात वाजवताना दिसला म्हणून त्याची चर्चची नोकरी गेली होती. व्हर्लिन म्हणाला, मी मागच्या दारानं येईन, मागच्या दारानं जाईन, आणि माझं नाव कुठं निघता कामा नये. इमोजीनला त्यानं सांगितलं की पलीकडच्या काठावर ऑर्गनचं पेडल तुटलंय, यायला उशीर होईल. इमोजीन म्हणाली बरं झालं, मीही लोरेटाकडे जाणार आहे, पीचच्या बरण्या भरायच्यात. लोरेटा तिची बहीण.

त्यानं पियानो लावला. जुना उभा पियानो, मूकपटांच्या काळातला, पण आवाज अजून खणखणीत होता. रंगमंचाचा उतार प्रेक्षकांच्या बाजूला होता आणि पियानोची दोन चाकं अडवणाऱ्या खिट्ट्या मोडलेल्या. त्यानं प्रुइटला तसं सांगितलं. प्रुइटनं चाकांखाली विटेचे दोन तुकडे सरकवले आणि म्हणाला, झालं काम. पियानोची ओबडधोबड पाठ प्रेक्षकांना दिसू नये म्हणून तिच्यासमोर कमरेएवढी उंच लाकडी पाटी उभी केली होती, तिच्यावर ड्यूईच्या नावाची अक्षरं कोरून काढलेली.

व्हर्लिननं तेव्हाच घरी जायचं. पण त्याला बघायचं होतं की आपण तीन तास खपून लावलेल्या पियानोचं हा गडी काय करतो. तो पडद्याच्या आडोशाला उभा राहिला, नजर पियानोच्या चाकांवर खिळवून. पहिलं गाणं कसंबसं निभावलं. दुसऱ्याला ड्यूई उभा राहून वाजवू लागला आणि डावीकडची वीट सटकली. प्रत्येक घावाला पियानो इंच-इंच पुढं सरकू लागला, प्रेक्षकांच्या अंगावर. ड्यूई वाजवणं न थांबवता त्याच्यामागे चालत होता, आणि लोकांना वाटलं हा खेळाचाच भाग आहे, म्हणून ते आणखी ओरडले. पहिल्या रांगेत शाळेतल्या पोरी होत्या. व्हर्लिननं फार विचार केला नाही. तो वाकून धावला, पाटी आणि पियानो यांच्या मधल्या फटीत घुसला, पाठ पियानोला लावली, पाय पुढच्या दिव्यांच्या कठड्याला रोवले आणि रेटून धरलं.

तसा तो एक तास दहा मिनिटं बसून होता.

ड्यूई रेबर्नचं तोंड त्यानं एकदाही पाहिलं नाही. सगळ्या गावानं ड्यूईला पाहिलं आणि त्याच्यापासून दोन हातांवर असलेल्या व्हर्लिनला तेवढा तो दिसला नाही. त्याच्या पाठीला पियानो होता. प्रत्येक सूर आधी त्याच्या मणक्यात शिरायचा आणि मग कानात. दातसुद्धा तालात वाजत होते. आणि पाटीवर कोरलेल्या एका अक्षराच्या फटीतून त्याला समोरची माणसं दिसत होती, सगळीच्या सगळी, दिव्यांच्या उजेडात न्हाऊन निघालेली. चौथ्या रांगेच्या कडेला, पिवळ्या झग्यात, खुर्चीवर उभी राहून, बूट हातात घेऊन, केस मोकळे सोडून एक बाई नाचत होती. ती त्याची बायको होती.

त्या रात्री घरी येताना इमोजीननं खरोखरच पीचच्या दोन बरण्या आणल्या. लोरेटानं दिल्या असणार. हिवाळाभर ते दोघं ते पीच खात होते, आणि व्हर्लिन दर वेळी म्हणे, छान झालेत.

शनिवारी ल्युनात दीडशे माणसं तरी जमली. नोरा बेथनं टेप सुरू केला, आणि पहिला अर्धा तास कोटाच्या रंगातच गेला. लाल म्हणणारे एकीकडे, पांढरा म्हणणारे दुसरीकडे. एक बाई शपथेवर सांगत होत्या की तो चित्त्याच्या कातड्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा होता. व्हर्लिन शेवटून दुसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता. पुढं कुणी ड्यूईच्या डाव्या हाताची तारीफ केली, की असा डावा हात उभ्या आर्कान्सात दुसरा झाला नाही, तेव्हा मधल्या रांगेतून एक उंच, सावकाश बोलणारा म्हातारा उठला. तो लुशियस ब्रॉडनॅक्स. चाळीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, माउंट ऑलिव्ह चर्चचा कारभारी.

तो म्हणाला की डाव्या हाताबद्दल त्याचं काही म्हणणं नाही, हात उत्तमच होता. फक्त तो ड्यूईचा नव्हता. नदीकाठच्या लाकूडगिरणीवर ॲन्सेल पेटवे नावाचा माणूस शनिवारी वाजवायचा, आणि ड्यूई पोरवयात त्याच्या खिडकीखाली बसून शिकला. ॲन्सेल त्या दिवशी बाल्कनीत लुशियसच्या शेजारीच बसला होता. तेव्हा गोऱ्यांनी खाली बसायचं आणि काळ्यांनी बाजूच्या जिन्यानं वर जायचं, असा रिवाज होता.

"ड्यूईनं पहिलं गाणं सुरू केलं," लुशियस म्हणाला, "तसा ॲन्सेल मला म्हणतो, हा माझा हात घेऊन गेला, पण बोटं स्वतःची लावतोय, त्यामुळं मी रागावू की नको ते कळेना. मग दुसऱ्या गाण्याला तोच आधी नाचायला उठला. खाली तुम्ही सगळे अजून खुर्च्यांना चिकटून होतात. आम्ही वर नाचलो तेव्हा छताचा चुना तुमच्या डोक्यावर पडला, आठवतंय का? मग तुम्ही उठलात."

दोन-चार जणांना चुना आठवला. एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या आईला वाटलं पोरीला कोंडा झालाय. लोक हसले, लुशियसही हसला आणि खाली बसला.

त्यानंतर उठला हॉलिस क्रॅबट्री. याची ओळख करून द्यायची तर एवढंच पुरे, की त्यानं जन्मभर विमा विकला आणि ज्याला एकदा गाठलं त्याला पावती फाडल्याशिवाय सोडलं नाही. हॉलिसची गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती, तरी त्यानं ती पहिल्यापासून सांगितली. पियानो सरकू लागला, पहिल्या रांगेतल्या पोरी किंचाळल्या, आणि कुणीतरी वाकून रंगमंचावर धावलं, हे तर पुष्कळांनी पाहिलं होतं. पण दिवे ड्यूईवर होते, त्यामुळं कोण धावलं हे कुणाला कळलं नव्हतं. ती मोकळी जागा हॉलिसनं फार वर्षांपूर्वीच स्वतःच्या नावावर करून घेतली होती. आता तो खांदा पुढं काढून दाखवत होता, की या खांद्यावर पियानो तोलला, अजूनही थंडीत दुखतो.

व्हर्लिनला हे नवीन नव्हतं. न्हाव्याच्या खुर्चीत त्यानं हे पन्नासदा ऐकलं होतं आणि पन्नासदा मनात म्हटलं होतं, घे बाबा, तुझाच खांदा. नाव लपवायचं तर ते दुसऱ्यानं उचललं म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. आजही तो तेच मनाशी म्हणाला.

मग शेजारची इमोजीन उठली.

तो समजून चुकला. तिनं ठेवणीतला निळा कोट घातला होता, आणि घरातून निघताना दोनदा आरशात बघितलं होतं. ती रंगमंचावर गेली, ध्वनिक्षेपकाशी वाकली आणि सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "व्हर्लिन, तू बसलायस ते बरंय. मी त्या दिवशी लोरेटाकडे गेले नव्हते."

सभेत खसखस पिकली. तिनं सगळं सांगितलं. असलं संगीत कानावर पडलं की नवरा कपाळाला आठ्या घालायचा, म्हणून ती बहिणीचं नाव सांगून आली. तिकीट लोरेटानंच काढलं. वय चोवीस, लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि दर रविवारी दोन-दोन चर्चं. तिला माहीत नव्हतं की आपल्याला नाचता येतं. पहिल्या गाण्याला ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली, दुसऱ्याला पर्स कुठं गेली ते कळलं नाही, आणि तिसऱ्याला ती खुर्चीवर उभी होती. त्यानंतर आयुष्यात मुलं झाली, नातवंडं झाली, सगळं चांगलं झालं. पण तसा एक तास पुन्हा आला नाही, आणि तो कुणाला सांगताही आला नाही.

"म्हणून मला एका माणसाचे आभार मानायचेत," ती म्हणाली. "पियानो खाली पडला असता तर माझा तो तास तिथंच संपला असता. हॉलिस, तू कधी विमा विकायला आलास की मी दार लावून घ्यायचे. पण त्या दिवशी तू पियानो धरलास, त्याबद्दल मनापासून आभार."

हॉलिस उभा राहिला, छातीवर हात ठेवून वाकला. टाळ्या पडल्या.

आणि तिथं व्हर्लिनचा बांध फुटला. एकेचाळीस वर्षं त्यानं हॉलिसला तो खांदा मिरवू दिला होता, कीर्ती दिली होती, न्हाव्याच्या दुकानातल्या फुशारक्या दिल्या होत्या. पण बायकोचे आभार हॉलिस क्रॅबट्रीला द्यायची त्याची तयारी नव्हती. गुडघ्याची आठवणही न होता तो उठला.

"तो हॉलिस नव्हता," तो म्हणाला. "मी होतो."

टेपच्या चकत्या फिरतच होत्या. हॉलिस आधी हसला, मग म्हणाला की व्हर्लिनची तब्येत ठीक दिसत नाही, कुणीतरी पाणी आणा. नोरा बेथ गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागली. इमोजीन रंगमंचावरच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते व्हर्लिनला एवढ्या लांबून कळेना, आणि म्हणून तो बोलत राहिला. एरवी महिन्याभरात बोलायचा नाही एवढं त्या दहा मिनिटांत बोलला.

तो म्हणाला, ड्यूईचा कोट कुठल्या रंगाचा होता ते मला विचारू नका, मी त्याला पाहिलंच नाही. मी तुम्हाला पाहिलं. मग तो एकेकाकडे बोट करत गेला. वेल्डा, तू दुसऱ्या रांगेत होतीस, वेणीची फीत तोंडात धरून चावत होतीस. तुम्ही दोघी बहिणी एकाच खुर्चीवर उभ्या होतात आणि खुर्ची मोडली. प्रुइटची बायको दाराशी उभी राहून कानांवर हात धरून होती आणि पाय मात्र हलवत होती. कार्ल डीन, तुझा थोरला भाऊ रॉय शेवटच्या गाण्याला बापाची टोपी हवेत उडवत होता, आणि झेलताना दर वेळी डोळे मिटून घ्यायचा, तरी एकदाही चुकला नाही.

कार्ल डीन हा पासष्टीचा शेतकी अवजारांचा दुकानदार. त्याचा भाऊ रॉय कार्यक्रमानंतर दोन वर्षांनी गिरणीच्या अपघातात गेला होता. कार्ल डीननं टोपी काढून मांडीवर ठेवली. "डोळे मिटूनच झेलायचा तो," तो हळूच म्हणाला. "चेंडूसुद्धा. हे मी विसरलोच होतो." मग त्यानं व्हर्लिनला विचारलं, की रॉय आणखी काय करत होता. व्हर्लिननं आठवेल तेवढं सांगितलं.

"आणि मी?" हॉलिसनं विचारलं. "मी कुठं होतो मग?"

"तू मला दिसला नाहीस, हॉलिस," व्हर्लिन म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. "पण खांबाआड बसला असशील."

लोकांना काय मानावं ते कळेना. तेव्हा लुशियस ब्रॉडनॅक्स पुन्हा उठला, आधीपेक्षाही सावकाश.

"खालून ती पाटी दिसायची," तो म्हणाला. "वरून पाटीच्या मागचं दिसायचं. लाल केसांचा काटकुळा माणूस होता. धावताना मागच्या खिशातून पियानो लावायची किल्ली डोकावत होती, लाकडी मुठीची. पुढच्या महिन्यात तोच माणूस तीच किल्ली घेऊन माउंट ऑलिव्हचा पियानो लावायला आला, तेव्हा मी त्याला दार उघडलं. मिस्टर स्ट्राउड, तुम्हाला आठवत नसेल. मी तुम्हाला विचारलं होतं, पाठ कशी आहे."

व्हर्लिनला आठवलं. त्याला तेव्हा वाटलं होतं की हा पोरगा फारच सभ्य आहे.

"मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत?" नोरा बेथनं लुशियसला विचारलं.

"आमच्या पाद्रीबुवांनाही ते संगीत खपत नव्हतं. मी बोललो असतो तर पियानो लावायला दुसरा माणूस शोधावा लागला असता, आणि एवढा चांगला मिळाला नसता." लुशियसनं खांदे उडवले. "शिवाय, बाई, बाल्कनीला कुणी विचारलंच नाही. आज तुम्ही पहिल्यांदा विचारताय."

 मग त्या चित्त्याच्या कोटवाल्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मग वरून कोट कुठला दिसला तेवढंही सांगून टाका." लुशियस म्हणाला, करडा, साधा, कोपराशी ठिगळ लावलेला. हे मात्र कुणालाच पटलं नाही, आणि पुन्हा तासभर वाद चालला. फराळाच्या टेबलाशी मेथडिस्टांचे सध्याचे पाद्री व्हर्लिनजवळ आले. पस्तिशीचा तरुण माणूस. त्यांनी गंभीरपणे विचारलं, की तुम्हाला चर्चमधून काढलं असतं असं खरंच वाटत होतं का. व्हर्लिन म्हणाला, वाटत नव्हतं, खात्री होती. पाद्री म्हणाले की आता आमच्या युवक मंडळात ढोल आहे, एकदा येऊन बघा. व्हर्लिन म्हणाला, ढोल मी बघत नाही. हॉलिस मात्र चहा न घेता गेला. जाताना दारात थांबून त्यानं व्हर्लिनचा हात हलवला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं सांगितलं की आपल्यालाही खरं वाटायला लागतं रे." खांदा खरोखरच दुखत असल्यासारखा तो किंचित वाकडा चालत गेला.

इमोजीन गाडीत बोलली नाही. घरी आल्यावरही नाही. ती रागावली होती, आणि ते व्हर्लिनला कळत होतं, पण कशावर ते नीट कळत नव्हतं. रविवारी ती त्याच्याशेजारी चर्चमध्ये बसली आणि प्रार्थनेचं पुस्तक स्वतःकडेच ठेवलं. सोमवारी तिनं त्याची अंडी जास्त भाजली. मंगळवारी दुपारी तो मागच्या ओसरीत एका पियानोच्या तारांवरच्या हातोड्यांना नमद्याची लोकरी पट्टी चिकटवत बसला होता, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"एकेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "तू माझ्याशी जरा गोड वागलास की मला वाटायचं, या भल्या माणसाशी आपण खोटं बोललो. दर वर्षी जून आला की मी तुझ्यासाठी पीचचं पुडिंग करायचे, ते काय म्हणून करत होते असं तुला वाटलं?"

व्हर्लिन म्हणाला की त्याला वाटलं, जूनमध्ये पीच चांगले मिळतात.

तिला हसू फुटलं, पण तिनं ते दाबलं. "तेव्हाच का नाही सांगितलंस? मी काही तुझ्या पाद्र्यांना जाऊन सांगणार नव्हते."

त्यानं डिंकाचा ब्रश बाटलीत ठेवला. असल्या प्रश्नाला उत्तर शोधायला त्याला वेळ लागे, आणि तिला ते माहीत होतं, म्हणून ती थांबली.

"मला तू तशी आवडलीस," तो शेवटी म्हणाला. "मी पाहिलं असं कळलं असतं, तर तू लाजली असतीस. मग पुन्हा कधी नाचायची वेळ आली असती तरी आधी मागं वळून बघितलं असतंस, मी आहे का म्हणून. ते मला नको होतं. आणि आपल्यापाशी एक चांगली गोष्ट आहे, ती कुणाला माहीत नाही, याचंही बरं वाटायचं."

इमोजीन आत गेली. थोड्या वेळानं दोन पेल्यांत थंड चहा घेऊन आली आणि त्याच्या समोरच्या खोक्यावर बसली. तिनं सांगितलं, आता पहिल्यापासून सांग. मी कशी दिसत होते. चोवीस वर्षांची असताना आपण कशा दिसत होतो हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आरशात दिसतं ते निराळं.

त्यानं सांगितलं. पिवळा झगा, डाव्या बाहीची शिवण उसवलेली. हातात बूट, आणि त्या बुटांनी ती हवेत ताल धरत होती. डोळे उघडे होते पण ती ड्यूईकडे बघत नव्हती, छताकडे बघत होती. छताचा चुना केसांत पडला होता आणि तो तिनं घरी येईपर्यंत झटकला नव्हता. रात्री उशीवर त्याला सापडला. आणि चौथ्या गाण्यात ती एकदा एवढी मोठ्यानं हसली होती, की पियानोच्या आवाजातून त्याला ऐकू आलं, किंवा निदान आलंसं वाटलं.

ती ऐकत होती. चहा संपला तरी पेला हातातच होता.

"मला पुढच्या वेळी बोलवायचं होतं तुला," ती म्हणाली. "दोनदा मनात आलं. पण धीर झाला नाही."

"पुढच्या वेळी?"

"आता ती एकच वेळ थोडी होती, व्हर्लिन." ती पेल्यातला बर्फ हलवत म्हणाली. "एकोणसाठपर्यंत मी आणि लोरेटा सात वेळा गेलो. दोनदा मेम्फिसला. लोरेटाकडे एवढे पीच नव्हतेच कधी, आम्ही दुकानातून बरण्या घ्यायचो आणि वरची लेबलं काढून टाकायचो."

 व्हर्लिननं बाजूचा हातोडा उचलून त्याचा नमदा अंगठ्यानं दाबला, चिकटला आहे का ते बघायला, आणि विचारलं की मेम्फिसला पियानो कसा होता.

"बेसूर," इमोजीन म्हणाली. "वरच्या बाजूचे तर सगळेच सूर गेलेले. मी लोरेटाला म्हटलं सुद्धा, की इथं माझा नवरा हवा होता." आणि खोकं पुढं ओढून, पाय त्याच्या बाकाच्या दांड्यावर टेकवून, ती पहिल्या मेम्फिसपासून सांगायला लागली.